ग्रंथांच्या सहवासात : सत्यवतीचा प्रश्न

वाचकहो, दिवसभराची कामे आटोपल्यावर घटकाभर मन रमावे म्हणून आपण कादंबरी हाती घेतो, आणि त्यात गैर असे काहीच नाही. परंतु काही कादंबऱ्या अशा असतात की, त्यांतील कथा विसरली तरी त्यांनी मनात पेरलेला एखादा विचार विसरता येत नाही. लेखकाने तर कोठेही आपले मत उघड सांगितलेले नसते. प्रवचन नसते, तात्पर्य नसते. तरीही पुस्तक मिटताना आपल्याला नेमके कळलेले असते की, या लेखकाला जीवनात काय मोलाचे वाटते आणि कशाची चीड येते. हे घडते कसे? लेखकाची जीवनमूल्ये नायिकेच्या तोंडून आपल्यापर्यंत पोहोचतात, की कथा सांगण्याच्या पद्धतीतून?

या प्रश्नाचा विचार एखादी उत्तम कादंबरी समोर ठेवूनच करावा, म्हणजे तो हवेत राहत नाही. यासाठी मी आशापूर्णा देवींची ‘प्रथम प्रतिश्रुती’ ही बंगाली कादंबरी निवडली आहे. ती १९६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिला १९६६ मध्ये रवींद्र पुरस्कार मिळाला आणि पुढे १९७६ चा ज्ञानपीठ पुरस्कारही याच कृतीसाठी लेखिकेला देण्यात आला. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. कादंबरी मूळ बंगालीत असली तरी हिंदी व इंग्रजी अनुवादांमुळे ती आपल्यापैकी बहुतेकांना वाचता येण्याजोगी आहे.

प्रथम लेखिकेविषयी थोडेसे. आशापूर्णा देवींचा जन्म ८ जानेवारी १९०९ रोजी कलकत्त्यास झाला. वडील चित्रकार, आई वाचनाची विलक्षण भोक्ती; परंतु घरात सत्ता आजीची, आणि मुलींना शाळेत पाठविणे आजीला मान्य नव्हते. त्यामुळे या मुलीने शाळेचा उंबरठा कधी ओलांडला नाही. भाऊ धडे गिरवीत असताना शेजारी बसून ऐकता ऐकता आणि पाहता पाहता ती अक्षरे शिकली. आईसाठी घरात येणारी पुस्तके वाचून तिचे मन घडले. वयाच्या तेराव्या वर्षी, १९२२ मध्ये, तिची पहिली कविता एका बालमासिकात छापून आली. १९२४ मध्ये लग्न झाले, संसार सुरू झाला, मुले झाली, आणि घरची सर्व कामे उरकल्यानंतर मिळेल त्या वेळात तिचे लेखन चालू राहिले. सभा-संमेलने नाहीत, विद्यापीठ नाही, इंग्रजी वाङ्मयाचा परिचय नाही. होते ते चार भिंतींच्या आतले जग आणि ते पाहणारी तीक्ष्ण नजर. १३ जुलै १९९५ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ही नजर मंदावली नव्हती.

हा तपशील एवढ्याचसाठी सांगितला की, कादंबरीची नायिका सत्यवती हिला अक्षरांची जी तहान लागलेली आहे ती लेखिकेच्या स्वतःच्या बालपणातून आलेली आहे. मात्र लेखिकेने आपले चरित्र नायिकेच्या अंगावर चढविलेले नाही. सत्यवतीचा काळ लेखिकेच्या काळाहून कितीतरी मागचा, एकोणिसाव्या शतकातला आहे. हे अंतर लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता नायिकेकडे वळू. बंगालमधील नित्यानंदपूर नावाच्या खेड्यात रामकाली नावाचे एक नामांकित कविराज, म्हणजे वैद्य राहत. सत्यवती ही त्यांची एकुलती एक मुलगी. रीतीप्रमाणे आठव्या वर्षीच तिचे लग्न झालेले आहे, पण अद्याप ती माहेरीच आहे. गावातील मुलांची ती पुढारी. गावातला एक जण बायकोला मारहाण करतो, तेव्हा ही चिमुरडी त्याच्यावर टवाळीची कविता रचते आणि ती साऱ्या पोराटोरांच्या तोंडी बसते. पुढे ताडाच्या पानावर ती अक्षरे गिरवू लागते. घरातील बायकांना धडकीच भरते. मुलीच्या जातीने लिहावे-वाचावे? मग तिच्या नशिबी वैधव्य ठेवलेलेच, असा त्यांचा पक्का समज. सत्यवती यावर विचारते की, विद्येची देवता सरस्वती ही स्वतः स्त्रीच आहे ना? या प्रश्नाचे उत्तर घरात कोणापाशीही नसते. रामकालींच्या कानांवर हे प्रकरण जाते, तेव्हा ते तिला रागे भरत नाहीत. शिकण्यास अनुमती देतात.

सत्यवतीचा स्वभाव या एका प्रसंगातून पुरता उघड होतो. तिच्यापाशी कोणतेही तत्त्वज्ञान नाही. स्त्रीमुक्ती हा शब्द तिने ऐकलेला असणे शक्यच नव्हते. तिच्यापाशी आहे तो फक्त प्रश्न, आणि प्रश्न सुचल्यावर गप्प न बसण्याचे धैर्य. शिवाय ती हा प्रश्न विचारते तो परंपरेच्या बाहेर उभी राहून नव्हे. घरच्या देव्हाऱ्यातल्याच देवतेचा ती दाखला देते. आपल्या घरात ज्याची पूजा होते त्याचा अर्थही आपण पाळावा, एवढीच तिची मागणी असते.

दुसरा प्रसंग याहून गंभीर आहे. रामकाली पालखीतून जात असता वाटेत त्यांना लग्नाला निघालेला एक नवरदेव भेटतो. त्याच्या चेहऱ्यावरची लक्षणे पाहताच या अनुभवी वैद्याच्या ध्यानी येते की, हा मुलगा आता फार काळ जगणार नाही. ते वरपक्षाला सावध करतात. एक मुलगी लग्नाच्या दिवशीच विधवा होण्यातून वाचते. पण मुहूर्त टळला तर त्या मुलीचे आणि तिच्या घराण्याचे काय? तो काळ असा की, त्यांची जातच जावी. तेव्हा रामकाली आपल्या विवाहित पुतण्याला, रासूला, त्याच बोहल्यावर उभे करतात. साऱ्या पंचक्रोशीत त्यांचा जयजयकार होतो. त्यांनी खरोखरच एका कुटुंबाची लाज राखलेली असते.

परंतु घरात रासूची पहिली बायको शारदा आहे. तिला कोणी काही विचारलेले नाही. एका मुलीचे कल्याण करताना दुसरीच्या संसारात सवत आणून बसविली, हे त्या थोर पुरुषाच्या मनातही आलेले नाही. ते बोलून दाखविण्याचे धाडस घरात एकच व्यक्ती करते, ती म्हणजे लहानगी सत्यवती. वडिलांवर तिचे जिवापाड प्रेम आहे, आणि म्हणूनच ती त्यांना सरळ विचारू शकते. रामकाली निरुत्तर होतात, रागावतातही. पण तो प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसतो.

वाचकहो, येथे लेखिकेचे कसब नीट पाहावे. रामकाली हे दुष्ट असते तर हा प्रसंग सोपा झाला असता. दुष्टाला प्रश्न विचारणाऱ्या नायिकेचे कौतुक करण्यास वाचकाला काहीच खर्च करावे लागत नाही. पण रामकाली सज्जन आहेत, विद्वान आहेत, परोपकारी आहेत. अशा माणसाच्या हातूनही अन्याय होतो, कारण ज्या व्यवस्थेत तो वाढला तिच्यात स्त्रीचे मन हिशेबात धरण्याची पद्धतच नव्हती. हे सांगण्यासाठी लेखिकेने एकही कठोर विशेषण वापरलेले नाही. तिने प्रथम आपल्याला रामकालींच्या औदार्याने भारावून जाऊ दिले आणि नंतर एका बालिकेच्या मुखातून तो प्रश्न विचारला. तोवर आपणही त्या जयजयकारात सामील झालेले असतो. म्हणजे प्रश्न रामकालींना विचारला असला, तरी उत्तर आपल्यालाही द्यावे लागते.

पुढे सत्यवती सासरी जाते. सासू एलोकेशी मोठी तिखट बाई. सुनेने मान खाली घालून मार खावा, ही तिची अपेक्षा. पण सासूचा हात उठतो तेव्हा ही सून तो निमूट सोसत नाही. मात्र तीच सून घरातील कामांत कसूर करीत नाही. पती नवकुमार हा स्वभावाने चांगला पण भित्रा. आईपुढे मान वर करण्याची त्याची छाती नाही. तो गंभीर दुखण्याने अंथरुणाला खिळतो, गावठी उपाय थकतात, तेव्हा सत्यवती आपल्या अंगावरचे सोने पुढे करून शहरातून इंग्रज डॉक्टर आणविण्याचा हट्ट धरते. म्लेंच्छाचे औषध पोटात जाणार म्हणून घरात हलकल्लोळ होतो, पण नवऱ्याचा जीव वाचतो. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी ती नवऱ्याला कलकत्त्यास नोकरी धरावयास लावते आणि तेथे स्वतंत्र बिऱ्हाड थाटते.

कलकत्त्यात तिच्या जगाचा परीघ वाढतो. ओळखीतल्या एका बालवधूला सासरच्यांनी मारून टाकल्याचे तिला कळते. सारेजण हळहळतात आणि गप्प राहतात. सत्यवती मात्र थेट पोलीस अधिकाऱ्याकडे दाद मागते. नवकुमार भीतीने अर्धमेला होतो. दुसरीकडे, माहेरच्या घरातून पूर्वी निघून गेलेली शंकरी ही तरुण विधवा तिला अनपेक्षितपणे भेटते. समाजाच्या दृष्टीने ती पतित. शंकरीच्या पश्चात तिच्या मुलीला, सुहासला, सत्यवती आपल्या घरी ठेवून घेते, शिकविते आणि मानाने तिचे लग्न होईल असे पाहते. दुसऱ्याची मुलगी तिने वाचविली. हे ध्यानात ठेवून कादंबरीच्या शेवटाकडे जावे.

सत्यवतीला स्वतःचीही एक मुलगी आहे, सुवर्ण. तिला भरपूर शिकवावयाचे, लहानपणी लग्न करावयाचे नाही, हा आईचा निश्चय. परंतु नवकुमार आठ वर्षांच्या सुवर्णला गावी आजीकडे घेऊन जातो, आणि एलोकेशी सुनेला न कळविता नातीचे लग्न उरकून टाकते. सत्यवती येऊन पोहोचते तेव्हा सारे संपलेले असते. ती आक्रोश करीत नाही, भांडत नाही. आल्या पावली मागे फिरते. काशीला वडिलांकडे जाण्यास निघते, कारण तिला त्यांना काही विचारावयाचे आहे. ज्या विवाहात मुलीची संमती नाही, आईची संमती नाही, तो विवाह तोडता न येणारा का मानावयाचा? नवकुमार विनवितो, लोक समजावतात. पण ती थांबत नाही. कादंबरी येथेच संपते.

ही झाली नायिकेच्या मुखातून व्यक्त झालेली मूल्ये : सत्याची चाड, विद्येची ओढ, स्वाभिमान, आणि दुर्बलाच्या बाजूने उभे राहण्याची तयारी. पण लेखिकेची मूल्ये एवढीच आहेत असे समजणे ही घाई ठरेल. नायिका जे पाहू शकत नाही तेही निवेदनाला दिसते. सत्यवती उतावीळ आहे, तिला अन्याय सहन होत नाही, आणि म्हणून अन्याय करणाऱ्याला समजून घेण्याइतकी उसंत तिला क्वचितच मिळते. ती उसंत निवेदन घेते.

मोक्षदेचेच उदाहरण घ्या. रामकालींच्या घरातील ही विधवा वृद्धा. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत भारी कडक, जिभेने त्याहून कडक. पोरींवर तिचा सतत जाच. सत्यवतीच्या दृष्टीने ती केवळ एक कटकट आहे. पण तिच्याविषयी लिहिताना निवेदनाचा सूर हळूच बदलतो. पाण्याचा थेंबही न घेता काढलेल्या एकादश्या, दिवसभर चाललेली अखंड धावपळ आणि पुन्हा पुन्हा केलेली स्नाने यांचे वर्णन वाचताना आपल्या ध्यानात येते की, या बाईच्या ठायी अफाट शक्ती होती आणि ती खर्च करावयास आयुष्याने तिला दुसरी जागाच दिली नाही. ज्यांचे सर्वस्व नियमांनी हिरावून घेतले, त्याच स्त्रिया त्या नियमांच्या सर्वांत कठोर राखणदार का होतात, याचे उत्तर लेखिकेने असे एका व्यक्तिचित्रातून दिले आहे. एलोकेशीचेही तेच. तिचा राग येतो. पण तिचा नवरा राजरोस दुसऱ्या बाईच्या दारी जाणारा, आणि साऱ्या आयुष्यात तिच्या हाती आलेली सत्ता एकच, सुनेवरची. निवेदन तिला क्षमा करीत नाही, परंतु तिला राक्षसीणही ठरवीत नाही.

विनोदाचाही येथे मोठा वाटा आहे. ही कथा दुःखाची असूनही रडकी नाही. नवकुमाराची फजिती, घरातील बायकांच्या जुगलबंद्या, चुलीपुढच्या राजकारणाचे बारकावे यांत लेखिका मनापासून रमते. स्वयंपाकघरात घडणाऱ्या गोष्टींना इतिहासाइतके महत्त्व आहे, ही तिची श्रद्धा या रमण्यातून व्यक्त होते. कादंबरीच्या आरंभीच तिने म्हटले आहे की, बाहेरच्या जगातील घडामोडींची नोंद इतिहासाने केली, परंतु अंतःपुरात जे घडले त्याकडे त्याने पाठ फिरविली. आजच्या स्त्रियांच्या मागे आई, आजी, पणजी अशा कित्येकींचा अबोल झगडा उभा आहे.

याच आरंभात निवेदनाची आणखी एक योजना आहे. ही कथा मला बकुलच्या वहीतून मिळाली, असे निवेदक सांगतो. बकुल कोण? सत्यवतीची नात, सुवर्णची मुलगी, जी पुढे लेखिका झाली. ‘प्रथम प्रतिश्रुती’नंतर १९६७ मध्ये ‘सुवर्णलता’ आणि १९७४ मध्ये ‘बकुलकथा’ प्रसिद्ध झाली, व तीन पिढ्यांची ही कथा पूर्ण झाली. म्हणजे आजीची हकीकत नातीच्या वहीतून येते. शीर्षकातील प्रतिश्रुती म्हणजे वचन. आजीने जे वचन स्वतःला दिले ते तिला पाळता आले नाही. पण नातीच्या हाती लेखणी आली. लेखिकेची आशा कशात आहे हे या योजनेतून उमगते, आणि त्यासाठी तिला आशेविषयी एकही वाक्य लिहावे लागलेले नाही.

मराठी वाचकाला येथे आपल्या यमूची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत यमू आपली कर्मकहाणी स्वतःच सांगते. काळ साधारण तोच, बालविवाह तोच, सासरचा जाचही तोच. परंतु सांगण्याची रीत निराळी असल्यामुळे परिणाम निराळा होतो. यमूचे बोलणे आपल्या कानाशी येते. तिच्या वेदनेत आणि आपल्यात कोणी मध्यस्थ नाही. तिच्या वाट्याला आलेला पराभव आपल्यालाच झालेला वाटतो. सत्यवतीची कथा दोन पिढ्यांच्या अंतरावरून येते, म्हणून तीत हसूही आहे आणि शत्रूलाही न्याय आहे. हरिभाऊंना आपल्या काळच्या वाचकाचे काळीज हलवावयाचे होते, कारण तो अन्याय त्यांच्या डोळ्यांदेखत चालू होता. आशापूर्णा देवींना आपल्या काळच्या स्त्रीला तिच्या पणजीचा पत्ता द्यावयाचा होता. दोघांची मूल्ये जवळजवळ एकच. निवेदनाची निवड मात्र ज्याच्या त्याच्या हेतूप्रमाणे.

आता एका अवघड प्रश्नाकडे येऊ. सत्यवती घर सोडून गेली, हे योग्य केले काय? वाचक-भगिनींच्या बैठकीत या कादंबरीची चर्चा निघाली की, येथे दोन तट पडावयाचेच. एक म्हणेल, स्वाभिमानी स्त्रीला दुसरा मार्गच नव्हता. दुसरी म्हणेल, रागाच्या भरात तिने आठ वर्षांच्या लेकीला वाऱ्यावर सोडले. परक्या सुहासला जिने आधार दिला, तिने पोटच्या पोरीकडे पाठ फिरवावी?

लेखिकेने हा दुसरा आक्षेप टाळलेला नाही. उलट, त्यावर तिने दुसरी कादंबरी उभी केली आहे. ‘सुवर्णलते’ची नायिका म्हणजे तीच मागे राहिलेली मुलगी. आई घर सोडून गेली, हा टोमणा तिला सासरी जन्मभर ऐकावा लागतो. तिचे मागणे किती लहान! नव्या घराला रस्त्याकडे उघडणारा एक सज्जा असावा, एवढेच. नवरा होकार देतो आणि फसवितो. तिनेही आईसारखी लेखणी धरली. आपली जीवनकथा लिहिली, ती छापूनही आणली. पण त्या अशुद्ध, चुकांनी भरलेल्या छपाईची घरातच थट्टा झाली, आणि तिने सारी पुस्तके गच्चीवर नेऊन जाळून टाकली. आईच्या निग्रहाची किंमत मुलीने कशी चुकती केली, हे लेखिकेने इतक्या निर्दयपणे दाखविले आहे की, सत्यवतीला केवळ विजयिनी म्हणून मिरविणे आपल्याला शक्य होत नाही.

आणि येथेच लेखिका व नायिका यांतील अंतराची आठवण ठेवावी. आशापूर्णा देवींनी स्वतः घर सोडले नाही. त्या सून, पत्नी, आई, आजी म्हणून भरल्या घरात राहिल्या आणि त्यांनी तेथेच शेकडो कथा लिहिल्या. तेव्हा, नायिका निघून गेली म्हणून सर्वांनी निघून जावे, असा उपदेश त्यांना करावयाचा असेल काय? तसे दिसत नाही. तसेच, लेखिका घरात राहिली म्हणून नायिकेचे जाणे तिला नापसंत असेल, असेही म्हणता येत नाही. नायिकेचे कृत्य हे लेखिकेचे मत असते, असे मानून कादंबरी वाचणे म्हणजे तिची फार सोपी वाट लावणे होय. सत्यवतीच्या प्रश्नाच्या पाठीशी लेखिका पूर्णपणे उभी आहे. त्या प्रश्नापायी तिने काय करावे हे सत्यवतीने आपल्या स्वभावाप्रमाणे ठरविले. आणि त्या निर्णयाचे फळ कोणाकोणाच्या पदरी काय पडले, ते निवेदनाने कोणालाही न लपविता मांडले. नायिकेवर अपार प्रेम करूनही तिच्या बाजूने खोटी साक्ष द्यावयाची नाही, हा प्रामाणिकपणा म्हणजे या लेखिकेचे सर्वांत मोठे मूल्य, असे मला वाटते.

एवढे सारे वाचल्यावर कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. आता आठव्या वर्षी लग्ने कोठे होतात? कायद्यापुरते ते खरे आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरविले. १९७८ मध्ये ते अठरा झाले. २००६ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा अधिक कडक कायदा आला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसून आले की, वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी दर शंभरांत सुमारे तेवीस जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्यापूर्वीच झालेले होते. वय वाढले, हे निःसंशय मोठे पाऊल. पण सत्यवतीचा प्रश्न केवळ वयाचा नव्हता, विचारण्याचा होता. मुलीच्या आयुष्याचा निर्णय घेताना मुलीला आणि तिच्या आईला विचारले गेले काय? हा प्रश्न आजही पुष्कळ सुशिक्षित घरांत, चांगल्या पगाराच्या आणि मोठ्या पदवीच्या आड, अनुत्तरितच राहतो. तेथे घरातील वडीलधारे रामकालींसारखेच सज्जन असतात आणि त्यांचा हेतूही शुद्ध असतो.

म्हणून ही कादंबरी एकट्याने वाचून ठेवून देण्यापेक्षा घरात मिळून वाचावी, असे सुचवावेसे वाटते. बंगाली येत असल्यास उत्तमच. कलकत्ता, जमशेदपूर, भिलाईसारख्या ठिकाणी राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना ती शेजाऱ्यांकडून सहज मिळेल. इतरांसाठी हिंदी अनुवाद आहे. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी इंदिरा चौधुरी यांनी केलेला अनुवाद २००४ मध्ये निघाला आहे. रोज एक प्रकरण, कोणीतरी मोठ्याने वाचावे. रासूच्या दुसऱ्या लग्नाच्या प्रकरणाशी थोडे थांबावे, आणि पुढचे पान उलटण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने सांगावे की, रामकालींच्या जागी आपण असतो तर काय केले असते. मुलांची उत्तरे प्रथम ऐकावीत. मोठ्यांनी आपली उत्तरे शेवटी द्यावीत, नाहीतर मुले तीच उचलतात.

आणखी एक काम घरच्या घरी होण्यासारखे आहे. बकुलच्या वहीसारखी एक वही करावी. आपल्या आजीला, मावशीला, आत्येला विचारावे : तुमच्या लहानपणी तुम्ही कोणता प्रश्न विचारला होता, ज्याचे उत्तर कोणी दिले नाही? बहुतेक जणी आधी हसतील, आमचे काय सांगण्यासारखे, असे म्हणतील. थोडे थांबावे. मग एखादी सांगू लागेल, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, लग्न ठरल्याचे कोणाकडून कळले, कोणते पुस्तक धान्याच्या कणगीत लपवून वाचले. ते जसे सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. सुधारू नये, सजवू नये. ज्यांच्यावर त्यांचा राग आहे त्यांची बाजूही, आठवत असल्यास, विचारून घ्यावी. वहीवर तारीख आणि सांगणारीचे नाव घालावे, आणि ती घरातील मुलीच्या हाती द्यावी.